जूनमध्ये उघडायची उत्तरपत्रिका
(गंगाखेड येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



संत जनाबाईंच्या जन्मगावी बोलायला उभ्या राहिलेल्या वक्त्याला जात्याची उपमा हटकून सुचते. मला ती परवडणार नाही, कारण माझा विषय फारच कोरडा आहे : इयत्ता आठवीचा गणिताचा वार्षिक पेपर. संयोजकांनी ‘गणित आणि जीवन’ असा विषय सुचवला होता. जीवनावर बोलणाऱ्यांची आपल्याकडे टंचाई नाही. पेपरावर बोलायला मात्र कुणी कुणाला बोलावत नाही. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचे एप्रिल महिने उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांवर वाकून गेले. तेव्हा त्या गठ्ठ्यांचं पुढे काय होतं, हे विचारण्याची जागा हीच.

आधी नियम सांगते. आपल्या राज्यात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आली. आठवीला विषयाचे गुण ६०, त्यातले ५० लेखीचे आणि १० तोंडी-प्रात्यक्षिकाचे. उत्तीर्ण व्हायला शेकडा ३५, म्हणजे २१. नापास झालेल्याला दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षा, आणि तिथेही जमलं नाही तर त्याच वर्गात मुक्काम. तोंडीचे दहा गुण शाळेच्या हातात असतात आणि शाळा सहसा हात आखडत नाही. म्हणजे लेखीत पन्नासपैकी बारा-तेरा पडले की मुलगा नववीत. सवलतीच्या गुणांची सोय आहे ती निराळीच. एवढ्यावरून परीक्षा सोपी आहे की अवघड, हा वाद मला घालायचा नाही. पन्नासपैकी तेरा मिळालेल्या मुलाच्या ज्या सदतीस गुणांच्या उत्तरांवर लाल शाई पडली किंवा जी जागा कोरी राहिली, तिथे काय आहे, एवढंच मला विचारायचं आहे.

समजा एकाच वर्गातल्या दोन मुलींना लेखीत अठरा-अठरा गुण मिळाले. पहिलीने पहिल्या सत्राच्या धड्यांवरचे प्रश्न जवळजवळ सगळे बरोबर सोडवले. दुसऱ्या सत्राचं पान कोरं. दुसरीने एकही प्रश्न सोडला नाही. रीत तिला सगळीकडे माहीत आहे, पण समीकरणात पद डावीकडून उजवीकडे नेताना चिन्ह बदलायचं राहतं, त्यामुळे शेवटचं उत्तर दर वेळी चुकतं. पहिलीला दुसऱ्या सत्राचे सगळे धडे शिकवायचे आहेत. दुसरीला एकच गोष्ट समजावायची आहे, कदाचित एका दुपारचं काम. गुणपत्रकावर दोघीही अठरा. नववीचे सर जूनमध्ये गुणपत्रक बघतील तेव्हा त्यांना या दोघी एकसारख्याच दिसणार, आणि दोघींवर एकच शिक्का बसणार : गणितात कच्ची.

गणितातली चूक इतर विषयांतल्या चुकीसारखी नसते. इतिहासात सन चुकलं तर बहुतेक वेळा विसर पडलेला असतो. गणितात मूल नियमाने चुकतं. त्याचा स्वतःचा एक नियम तयार झालेला असतो, तो ते प्रामाणिकपणे पाळतं, आणि तो नियमच चुकीचा असतो. ५०३ वजा २६७ हे गणित घ्या. उत्तर २३६. पण वर्गात हमखास कुणीतरी ३६४ लिहितं. कसं? पाचातून दोन गेले, तीन. शून्यातून सहा जात नाहीत, मग सहातून शून्य, सहा. तिनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून तीन, चार. मुलाचा नियम आहे : मोठ्यातून लहान वजा करायचं, वर-खाली बघायचं नाही. त्याला आणखी दहा वजाबाक्या दिल्या तर तो त्या दहाही याच रीतीने करेल आणि जिथे हातचा घ्यावा लागत नाही तिथे बरोबरही येईल. मग आपण म्हणणार, लक्ष नसतं हो त्याचं. लक्ष अगदी नीट आहे. १९७८ मध्ये जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकन संशोधकांनी शाळकरी मुलांच्या वजाबाक्यांचा असाच छडा लावला. पुष्कळशा चुका अंदाधुंद नसतात, त्यांच्यामागे ठरावीक चुकीच्या रीती असतात, हे त्यांनी दाखवलं. आपल्या गुरुजनांना हे आधीपासून ठाऊक होतं, फक्त कुणी लिहून ठेवलं नाही.

अशी आणखी उदाहरणं सांगते, कारण माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा तिथेच आहे. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश. वरचे वर मिळवले, खालचे खाली. मूल हे लिहितं तेव्हा एक गमतीची गोष्ट घडलेली असते : अर्ध्यात भर घातली आणि उत्तर अर्ध्यापेक्षा कमी आलं. हे त्याला कुणी दाखवलेलं नसतं, कारण आपण चुकीची खूण करून पुढे गेलेले असतो. ०.२५ मोठे की ०.३? पंचवीस मोठे, कारण तिनापेक्षा पंचवीस मोठे. मग उणे तीन वजा पाच बरोबर अधिक आठ, कारण ‘ऋण ऋण धन’ हे घोषवाक्य गुणाकारासाठी पाठ झालं आणि बेरजेत घुसलं. विस्तार सूत्रांत ए अधिक बी कंसाचा वर्ग म्हणजे ए वर्ग अधिक बी वर्ग. ए ला तीन आणि बी ला चार किंमत द्या, एकीकडे एकोणपन्नास येतात आणि दुसरीकडे पंचवीस. किंमत घालून बघायची सवय असती तर मुलानेच चूक पकडली असती.

आणि भागाकार. ८१६ ला ८ ने भागा. उत्तर १०२, मुलाने लिहिलं १२. एकात आठ जात नाहीत तेव्हा भागाकारात शून्य मांडायचं असतं, ते त्याने मांडलं नाही. बाकी सगळं बरोबर. ‘असर’ नावाचं सर्वेक्षण करणारे कार्यकर्ते गावोगाव जाऊन घराच्या ओट्यावर मुलाला एकट्याला बसवून तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला लावतात. २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या आठवीच्या मुलांपैकी सुमारे ४६ टक्क्यांना हा भागाकार आला. हा आकडा वर्तमानपत्रात छापून आला की आपण हळहळतो आणि पान उलटतो. न आलेल्या चोपन्नांमध्ये किती जणांना भागाकार मुळीच येत नाही आणि किती जणांचं फक्त शून्य हरवलं आहे, हे टक्केवारीतून कळत नाही. पहिल्यांना सहा महिने लागतील, दुसऱ्यांना एक तास.

परीक्षा असावी की नसावी यावर आपण पंधरा वर्षं भांडलो. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला, आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही असं ठरलं, आणि त्याच वर्षी २० ऑगस्टच्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. आकारिक आणि संकलित असे त्याचे दोन भाग. आकारिक म्हणजे मूल शिकत असतानाच त्याचं कुठे अडतंय ते बघायचं. कागदावर ती कल्पना उत्तम होती, मी आजही तिच्या बाजूची आहे. प्रत्यक्षात काय झालं? ‘परीक्षा बंद झाल्या’ एवढंच गावाने ऐकलं, आणि शिक्षकाच्या वाट्याला वर्णनात्मक नोंदी आल्या. त्या नोंदींच्या तयार पुस्तिका दुकानात मिळू लागल्या, आता त्या मोबाईलवर येतात. ‘संख्यांवरील क्रिया अचूक करतो’ हे वाक्य महाराष्ट्रात ज्या ज्या मुलाच्या नावापुढे लिहिलं गेलं, त्या सगळ्यांनी ५०३ वजा २६७ बरोबर केली असती तर मी आज इथे उभी नसते. २०१९ मध्ये कायदा दुरुस्त झाला, पाचवी-आठवीला परीक्षेची मुभा मिळाली, चार वर्षांनी आपल्या राज्याने ती घेतली. शिवाय नियतकालिक मूल्यांकन चाचण्या आल्या. त्यांचे छापील पेपर पुण्याहून येतात आणि गुण ऑनलाइन भरायचे असतात. म्हणजे परीक्षा नव्हती तेव्हाही नोंद होती, परीक्षा आहे तेव्हाही नोंद आहे. नोंद वरच्या कार्यालयाकडे जाते. मुलाकडे परत येत नाही.

दहावीच्या बाबतीत तर निराळाच उपाय चर्चेत आला. राज्य अभ्यासक्रम आराखड्याच्या निमित्ताने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये बातमी होती की गणित आणि विज्ञानात पस्तीसऐवजी वीस गुण मिळाले तरी पुढे जाता येईल, फक्त गुणपत्रकावर शेरा राहील आणि त्या विषयांच्या वाटा बंद होतील. गणितापायी शाळाच सुटणाऱ्या मुलांचा कळवळा त्यामागे आहे, हे मी नाकारत नाही. पण आठवीत चिन्ह बदलायला विसरणारी ती मुलगी दहावीत वीस गुणांवर पुढे जाईल आणि तिला नर्सिंग का मिळत नाही हे तिला कधीच कळणार नाही. तिचं दुखणं दहावीचं नव्हतंच.

आता जरा आपल्या तालुक्याकडे येते. दसरा-दिवाळी झाली की इथल्या डोंगरपट्ट्यातल्या वाड्यांवरून आणि तांड्यांवरून टोळ्या ऊसतोडीला निघतात. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, माणसं परमुलखात. हंगामी वसतिगृहं आहेत, शिक्षण हमी कार्ड आहे, आणि तरीही पुष्कळ मुलं आईबापांबरोबर फडात जातात, कारण धाकट्या भावंडाला सांभाळायला कुणीतरी लागतं. ही मुलं परततात तेव्हा वार्षिक परीक्षा तोंडावर असते. २०२५ साली पहिली ते नववीच्या परीक्षा राज्यभर एकाच वेळापत्रकाने ८ ते २५ एप्रिल या काळात ठेवल्या होत्या. एप्रिलात आपल्याकडे पारा चाळिशीपार असतो, त्याबद्दल पालकांनी आणि शिक्षकांनी बरीच ओरड केली, ती रास्तच होती. पण ऊसतोड्याच्या मुलाच्या दृष्टीने ऊन ही नंतरची अडचण. त्याचं दुसरं सत्रच फडात गेलेलं असतं.

आठवीचं बालभारतीचं गणिताचं पुस्तक उघडा. पहिल्या सत्राच्या भागात ‘सूट व कमिशन’ हा धडा आहे. दुसऱ्या सत्राच्या भागात ‘चक्रवाढ व्याज’. म्हणजे मुकादमाला कारखान्याकडून कमिशन कसं मिळतं ते समजण्याइतकं गणित मूल शिकून निघतं. सावकाराचं कर्ज वाढतं कसं, तो धडा वर्गात चालतो तेव्हा ते पाचट गोळा करत असतं. पुस्तक करणाऱ्यांच्या मनात असं काही नसणार, पण झालं आहे खरं. दहा हजार रुपये, महिना शेकडा तीन. सरळ व्याजाने वर्षाला तेरा हजार सहाशे होतात. दर महिन्याचं व्याज मुद्दलात मिसळत गेलं तर चौदा हजार दोनशे अठ्ठावन्नच्या घरात जातात. साडेसहाशे रुपयांचा हा फरक ज्या घराला सगळ्यात जास्त बोचतो, त्याच घरातल्या मुलाच्या पेपरात त्या प्रश्नापुढे कोरी जागा असते.

पण त्या मुलाला गणित येत नाही असं म्हणाल तर थांबा. त्याला विचारा : उचल एक लाख घेतली, टनाला समजा साडेतीनशे मिळाले, कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दिवसाला दोन टन तोडतो, तर उचल किती दिवसांत फिटेल? कागद न घेता ते पोर सांगेल, दिवसाचे सातशे, दहा दिवसांचे सात हजार, शंभर दिवसांचे सत्तर. म्हणजे पाच महिन्यांना थोडं कमी, आणि कारखाना आधी बंद पडला तर अंगावर फिरणार. हे एक लाख भागिले सातशे आहे. उत्तर १४२ पूर्णांक काही येतं. शेवटचं ‘अंगावर फिरणार’ हे वाक्य तर कुठल्याही पेपरात बसत नाही, पण गणिताचा अर्थ लावणं यालाच म्हणतात.

ब्राझीलच्या रेसिफे शहरात १९८५ च्या सुमारास नुनेस, कॅराहर आणि श्लीमन या अभ्यासकांनी रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांकडून गिऱ्हाईक म्हणून हिशेब करवून घेतले. एक नारळ पस्तीसला, चार कितीला? बारा वर्षांच्या पोराने टप्प्याटप्प्याने मिळवत जाऊन बिनचूक एकशेचाळीस सांगितले. त्याच मुलाला नंतर कागदावर पस्तीस गुणिले चार करायला दिलं तर उत्तर आलं दोनशे : चार पाचे वीस, हातचे दोन, ते आधी तिनात मिळवून पाच, आणि मग चार पाचे वीस. इथेही नियम आहे बघा, फक्त हातचा मिळवण्याची वेळ चुकली. बाजारातल्या हिशेबांत ही मुलं शंभरातून अठ्ठ्याण्णव वेळा बरोबर आणि कागदावरच्या नुसत्या आकड्यांत सदतीस वेळा. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या चौदाशेच्या आसपास मुलांवर अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी असंच काम केलं, ते २०२५ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात उलट बाजूही दिसली : शाळेत नीट शिकणाऱ्या मुलांना बाजारातला हिशेब धड येत नाही. आपल्या आठवडी बाजारात भाजीच्या पालावर बसलेलं पोर आणि शिकवणीला जाणारं पोर, दोघांनाही एकमेकांचं गणित येत नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे निवेदन दिलं, त्यात खेड्यातल्या शाळेच्या अभ्यासक्रमात मोडी-बाळबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेब मागितला होता आणि शेतीची माहितीही. त्यांना हे दोन्ही एकाच फळ्यावर हवं होतं.

भाषेचाही थोडा भाग यात आहे. समोर बसलेल्या ज्येष्ठांपैकी काहींच्या वडिलांनी निजामी राजवटीत माध्यमिक शाळेत गणित उर्दूतून केलं असेल : जमा, तफरीक, जरब, तकसीम. १९४८ च्या मुक्तीनंतर ते मराठीत आलं. आता सेमी-इंग्रजीच्या वर्गात तेच पुन्हा परक्या भाषेत गेलं आहे. मी सेमीच्या विरोधात नाही, पालकांना ते हवं आहे. पण उत्तर चुकलं तेव्हा गणित चुकलं की प्रश्न वाचता आला नाही, हे तपासणाऱ्याने बघितलं पाहिजे. मराठीतही हा घोळ आहेच. पंचवीस ऐकून पाच आधी लिहिणारी मुलं प्रत्येक शिक्षकाने पाहिली आहेत. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशी जास्तीची रीत दिली, तेव्हा डॉ. मंगला नारळीकर यांच्या समितीची किती टिंगल झाली! जुनी रीत पुस्तकात होतीच, नवी सोबतीला होती. मुलं कुठे अडतात ते बघून केलेला तो बदल होता. त्याच्यावर विनोद करणाऱ्या किती जणांनी दुसरीची वही उघडली होती, कोण जाणे.

मूळ मुद्द्याकडे येते. वार्षिक परीक्षा संपते, पेपर तपासले जातात, १ मेला निकाल लागतो. उत्तरपत्रिका सुतळीने बांधून कपाटात जातात. निकालाच्या दिवशी मुलाच्या हाती गुणपत्रक येतं, उत्तरपत्रिका येत नाही. त्यातून आपल्याकडची रचना अशी की पुष्कळ जिल्हा परिषद शाळा आठवीला संपतात आणि मूल नववीला संस्थेच्या हायस्कुलात जातं. त्याचा दाखला जातो, गुणपत्रक जातं, आधार कार्डाची झेरॉक्स जाते. ज्या कागदावर त्याच्या डोक्यातला नियम त्याच्याच अक्षरात लिहिलेला आहे, तो कागद मागे राहतो आणि पुढे रद्दीत निघतो. तो दाखल्याला टाचून पाठवला तर काय बिघडेल? दप्तराचं वजन वाढतं म्हणावं तर ती चार-सहा पानं आहेत. गोपनीयता म्हणावी तर ती मुलाचीच आहे. शिक्षकाला जास्तीचं काम म्हणाल, तर नववीच्या वर्गशिक्षकाने जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात साठ पेपर चाळले की पुढच्या दहा महिन्यांत कुणाला काय द्यायचं ते त्याला कळतं. हे काम वाचवणारं काम आहे. यासाठी शासन निर्णय लागत नाही. दोन मुख्याध्यापक एकमेकांशी बोलले तरी भागतं.

आणि चुकीची दुरुस्ती नुसती उजळणी करून होत नाही. वजाबाकी चुकणाऱ्या आठवीच्या पोराला तिसरीच्या वजाबाक्या घातल्या तर त्याला लाज वाटते. त्याला कापरेकर द्या. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तर होते, संख्यांच्या नादी लागलेले. त्यांनी शोधलेली गोष्ट अशी : चार अंकी कोणतीही संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, मोठ्यातून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५, ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४. सात फेऱ्यांच्या आत प्रत्येक वेळी ६१७४ येतंच, आणि एकदा आलं की पुढे तेच येत राहतं. मुलं वहीची पानं भरतात. हातचा चुकला की ६१७४ लांबतं किंवा येतच नाही. मग कुठे चुकलं ते मूल आपणहून शोधतं. शिक्षकाला लाल शाई लागत नाही. जगभरच्या गणितज्ञांना भुरळ घालणारी ही गोष्ट एका मराठी शाळामास्तराने शोधली आणि आपल्या आठवीच्या पुनर्परीक्षेच्या तयारीला ती चपखल बसते.

पुनर्परीक्षेचं बोलले, म्हणून शेवटची गोष्ट. नियम म्हणतो, नापास मुलाला जादा मार्गदर्शन द्यावं आणि दोन महिन्यांत पुन्हा परीक्षा घ्यावी. त्यातला बराचसा काळ म्हणजे मे आणि जूनचा अर्धा. शाळेला कुलूप, शिक्षक गावाला, आणि याच काळात तोडीवरून आलेली माणसं घरी असतात. वर्षभरात हीच वेळ अशी की तांड्यावरचं मूल, त्याचे आईवडील आणि त्याची नुकतीच तपासलेली उत्तरपत्रिका, तिन्ही गंगाखेडात एकत्र असतात. या व्याख्यानमालेचं हे सभागृह मेमध्ये रिकामं असतं, पंखे आहेत, पाणी आहे. संयोजकांना मी मघाशी चहाच्या वेळी विचारलं, ते नाही म्हणाले नाहीत. गणिताचे निवृत्त शिक्षक मला समोर दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत दिसत आहेत, त्यांतले काही माझ्याबरोबरच निवृत्त झाले. आभारप्रदर्शन झालं की त्यांनी घाईने चपला शोधू नयेत, पाच मिनिटं थांबावं. मुख्याध्यापकांकडून गठ्ठे मागायला उद्या सकाळी कोण कोण येतंय ते आपण आत्ताच ठरवू.